पहिला रायफल स्कोप घेताना: मोठा आकडा नंतर, लहान आकडा आधी

बंदुकीच्या दुकानात पहिल्यांदा गेलेला माणूस काचेच्या कपाटातल्या स्कोपांकडे, म्हणजे रायफलवर बसवायच्या दुर्बिणींकडे, बघून एकच प्रश्न विचारतो, "यातला सगळ्यात लांबचं दाखवणारा कुठला?" विक्रेता मग ६-२४×५० असं काहीतरी बाहेर काढतो. दुकानातल्या लखलखाटात त्यातून समोरच्या भिंतीवरच्या पाटीचं अक्षर न् अक्षर दिसतं आणि सौदा होतो. नोव्हेंबरअखेर तोच माणूस पेन्सिल्व्हेनियाच्या जंगलात मचाणावर बसतो. साठ यार्डांवर हरीण येतं, तो रायफल खांद्याला लावतो आणि स्कोपमध्ये त्याला फक्त करड्या केसांचा एक पट्टा दिसतो. ती मान आहे, पाठ आहे की शेजारचं ओकचं खोड आहे, हे कळेपर्यंत हरीण निघून गेलेलं असतं. ते निघून गेलं तर निदान इतकंच. घाईत चाप ओढला आणि गोळी पोटात लागली तर ते जनावर तासन्तास तडफडतं. स्कोप विचार करून निवडायचा तो या कारणासाठी. पैशांचा प्रश्न त्यानंतर येतो.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, कायदेशीर शिकारीला नव्याने सुरुवात करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. उदाहरण पूर्वेकडच्या जंगलातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं, म्हणजे व्हाइटटेलचं घेतलं आहे. न्यू जर्सीत आधुनिक काडतुसाच्या रायफलने हरणाची शिकार करता येत नाही. तिथे शॉटगन किंवा तोंडाकडून भरायची बंदूक चालते. त्यामुळे एडिसन-प्रिन्स्टनकडच्या माणसाला रायफल वापरायची तर डेलावेअर नदी ओलांडून पेन्सिल्व्हेनियात जावं लागतं.

कागद आधी

हे थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. तुम्ही एच-१बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. यातला एक महत्त्वाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला आणि मुदत न संपलेला शिकार परवाना. मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीनकार्डधारकांना ही अट नाही. न्यू जर्सीत बंदूक विकत घ्यायला वेगळं ओळखपत्र लागतं. पेन्सिल्व्हेनियात पहिला परवाना काढण्याआधी शिकारशिक्षणाचा वर्ग पूर्ण करावा लागतो. आपल्या परिस्थितीबद्दल जराही शंका असली तर खरेदीआधी वकिलाला विचारा.

आणखी एक गोष्ट. रायफल स्कोप अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रणाखाली येतात. भावाला भेट म्हणून तो सुटकेसमध्ये टाकून पुण्याला नेण्याचा विचारही करू नका. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारच बंद आहे.

कुठे बसणार, किती लांबून मारणार?

स्कोपचं नाव उच्चारण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. पोकोनोच्या डोंगरात ओक, हेमलॉक आणि माउंटन लॉरेलच्या झुडपांतून शंभर यार्डांपलीकडे सलग दिसणारी जागा शोधावी लागते. बहुतेक संधी पन्नास ते शंभर यार्डांत येतात. शेताच्या कडेला बसलात तर दीडशे-दोनशे. टेक्सासच्या मोकळ्या माळावर किंवा वायोमिंगमध्ये गणित वेगळं असतं, पण नव्या माणसाने तिथेसुद्धा दोनशे यार्डांपलीकडे गोळी झाडू नये असं माझं ठाम मत आहे. लांब मारण्याची क्षमता सरावाने येते. ती स्कोपबरोबर डब्यात येत नाही.

३-९×४० म्हणजे काय

पहिले दोन आकडे वर्धनाचे. वस्तू तिप्पट जवळ दिसते, तिथपासून नऊपट जवळ दिसते तिथपर्यंत. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नवखे ९ कडे बघतात, तुम्ही ३ कडे बघा. तिप्पटीवर शंभर यार्डांवरची साधारण तेहेतीस फूट रुंदीची जागा एका नजरेत येते. नऊपटीवर ती जेमतेम अकरा ते चौदा फूट उरते. जंगलात चालत्या हरणाला स्कोपमध्ये पकडायचं असतं तेव्हा ही रुंदीच उपयोगी पडते. म्हणून ६-२४ चा स्कोप सहापटीच्या खाली जाऊच शकत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे; चोवीसपट हे त्याचं कौतुक जंगलात निरुपयोगी.

पूर्वेकडच्या जंगलासाठी २-७×३३ किंवा ३-९×४० यांतला कुठलाही घ्या. मला विचाराल तर दाट झाडीत २-७ अधिक चांगला, पण दुकानात ३-९ ची निवड भरपूर असते आणि एकाच रायफलवर सगळं भागवायचं असेल तर तो जास्त ठिकाणी चालतो. हिंडताना वर्धनाची रिंग कायम तळाला ठेवा. हरीण लांब असलं तर रिंग फिरवायला वेळ मिळतो, जवळ असलं तर मिळत नाही.

तिन्हीसांजेचा प्रकाश

हरणं उजाडताना आणि अंधारताना जास्त हिंडतात. पेन्सिल्व्हेनियात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत हरणावर गोळी झाडता येते. त्या दोन अर्ध्या तासांतच स्कोपची खरी परीक्षा होते, त्यामुळे या भागावर जरा थांबू या.

स्कोप हातभर लांब धरून उजेडाकडे करा. मागच्या भिंगात प्रकाशाची एक छोटी गोल चकती दिसेल. डोळ्यात जाणारा प्रकाश तेवढ्या चकतीतून जातो. तिचा व्यास काढायचा तर पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागायचं. ४० मिलिमीटरच्या भिंगाला नऊपटीवर साडेचार मिलिमीटरच्या आतबाहेर चकती मिळते, सहापटीवर जवळजवळ पावणेसात, चौपटीवर दहा. माणसाची बाहुली अंधारात तरुणपणी सातेक मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीत पाचाच्या आसपास. चकती बाहुलीपेक्षा मोठी झाली तर जास्तीचा प्रकाश डोळ्याच्या कडेवर पडतो आणि वाया जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. अंधारायला लागलं की वर्धन कमी करा. चित्र लहान होईल, पण उजळेल. चाळीस मिलिमीटरच्या स्कोपवर पाच-सहापटीला थांबलात तर डोळ्याला घेता येईल तेवढा सगळा प्रकाश मिळतो. दुसरी गोष्ट पन्नास मिलिमीटरच्या भिंगाची. त्याचा फायदा फक्त वरच्या वर्धनावर आहे. नऊपटीला साडेपाच मिलिमीटरची चकती मिळते, पण सहापटीला ती आठाच्या वर जाते आणि तेवढी बाहुली सहसा कुणाची उघडत नाही. बदल्यात स्कोप जड होतो आणि उंच रिंगांवर (स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या कड्यांवर) बसवावा लागतो. मग गाल दस्त्यावर टेकत नाही, मान हवेत राहते आणि नेम डगमगतो. माझ्या मते पहिल्या स्कोपला पन्नासचं भिंग नको.

हाच भागाकार पक्षी बघण्याच्या दुर्बिणीलाही लागतो. भिगवणला पहाटे फ्लेमिंगो बघताना ८×४२ ची दुर्बीण १०×४२ पेक्षा उजळ दिसते, ती यामुळेच.

भिंगाच्या आकारापेक्षा त्याच्यावरचा लेप जास्त महत्त्वाचा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश परततो. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग धरले तर तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच संपला. १९३५ मध्ये जर्मनीतल्या झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर प्रतिबिंब रोखणारा पातळ थर चढवण्याची पद्धत शोधली. आजच्या अनेक थरांच्या लेपाने दर पृष्ठभागाचं नुकसान अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली येतं, म्हणजे त्याच दहा पृष्ठभागांतून पंचाण्णव टक्के प्रकाश पोहोचतो. डब्यावर 'फुली मल्टी-कोटेड' असे शब्द आहेत का ते बघा. नुसतं 'कोटेड' लिहिलं असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर एकच थर असू शकतो.

स्कोपच्या नळीच्या जाडीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. तीस मिलिमीटरची नळी एक इंचाच्या नळीपेक्षा जास्त प्रकाश देते असं सांगितलं जातं. देत नाही. तिच्यात नेमाची फुली सरकवायला जास्त जागा मिळते, ती फार लांब अंतरावर कामाची. तुम्हाला एक इंच पुरेसा आहे.

डोळा, चष्मा आणि भुवई

मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवल्यावर पूर्ण चित्र दिसतं, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. शिकारीच्या रायफलला ते साडेतीन इंच किंवा जास्त हवं. .३०-०६ सारख्या जोरदार काडतुसाची रायफल झाडल्यावर जोरात मागे येते. अंतर कमी असलं तर स्कोपची धातूची कड भुवईवर आदळते आणि अर्धचंद्राकृती जखम होते. रेंजवर हे दृश्य नवं नाही. चष्मा लावणाऱ्याने तर साडेतीनच्या खाली जाऊच नये, कारण चष्म्याची काच मध्ये येते. बहुतेक व्हेरिएबल, म्हणजे वर्धन बदलता येणाऱ्या, स्कोपमध्ये वर्धन वाढलं की हे अंतर थोडं घटतं, त्यामुळे माहितीपत्रकातला सर्वांत लहान आकडा खरा धरा.

ज्यांनी कोल्हापूर-पुण्याकडे रायफल क्लबमध्ये नेमबाजी केली आहे त्यांना हे नवं वाटेल. स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचं कांस्य जिंकलं, त्या प्रकारात दुर्बीण नसते. बारीक भोकाच्या पीप साइटमधून नेम धरतात. त्या सवयीतलं एक मात्र इथे जसंच्या तसं उपयोगी आहे: गाल दरवेळी दस्त्याच्या त्याच जागी टेकणं.

नेमाच्या रेषा

आत दिसणाऱ्या फुलीला रेटिकल म्हणतात. ल्यूपोल्डने १९६२ मध्ये आणलेली डुप्लेक्स, म्हणजे बाहेरून जाड आणि मध्याजवळ बारीक होत जाणाऱ्या रेषा, ही आजही पहिल्या स्कोपसाठी सर्वांत योग्य. संधिप्रकाशात बारीक रेषा हरवल्या तरी जाड पट्टे डोळ्याला मध्याकडे नेतात. मध्ये लहानसा लाल ठिपका पेटणारा प्रकार असेल तर चांगलाच, पण बॅटरी संपल्यावर रेषा दिसल्या पाहिजेत.

खाली ठिपके किंवा आडव्या खुणा असलेलं बीडीसी रेटिकल दुकानात जोरात खपवलं जातं. प्रत्येक खूण पुढच्या अंतरासाठी. यात एक अडचण आहे जी काउंटरवर क्वचितच सांगतात. शिकारीच्या बहुतेक स्कोपांत रेटिकल दुसऱ्या फोकल प्रतलात असतं: वर्धन बदललं तरी रेषांची जाडी तीच राहते. त्यामुळे त्या खुणा एकाच वर्धनावर बरोबर असतात, बहुधा सर्वांत वरच्या. नऊपटीसाठी आखलेली खूण सहापटीवर वापरलीत तर गोळी भलतीकडेच जाईल. पहिल्या प्रतलातल्या रेटिकलमध्ये हा दोष नाही, पण त्याच्या रेषा तिप्पटीवर केसासारख्या बारीक होतात आणि झुडपांत दिसत नाहीत. साधी डुप्लेक्स घ्या.

खुणांची गरजही नाही. .३०८ काडतुसाची १५० ग्रेन वजनाची गोळी शंभर यार्डांवर दोन इंच वर लागेल अशी रायफल लावली, तर दोनशेला ती नेमावर येते आणि अडीचशेला चारेक इंच खाली. हरणाचं हृदय-फुफ्फुसाचं क्षेत्र साधारण आठ इंचांचं असतं. म्हणजे दोनशे यार्डांपर्यंत सरळ मध्यावर नेम धरायचा, बस्स.

ज्या गोष्टींवर पैसे घालू नयेत

बाजूला पॅरॅलॅक्स जुळवायचं गोल बटण, उंच उघडे टरेट (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायची बटणं), लेझरने अंतर मोजणारा स्कोप हे सगळं बाजूला ठेवा. पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा किंचित हलवला की फुली लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसणं. शिकारीचे स्कोप बहुधा शंभर-दीडशे यार्डांसाठी कारखान्यातच लावून येतात आणि आपल्या अंतरात उरणारी चूक नगण्य असते. टरेटवर झाकण असलेलं उत्तम. फांदीला घासून फिरत नाही. नाइट व्हिजन आणि थर्मल स्कोप हरणासाठी पेन्सिल्व्हेनियात चालत नाहीत.

पैसे घालायचे ते काच, मजबुती आणि वॉरंटीवर. आतून धुकं धरू नये म्हणून नळीत नायट्रोजन भरतात. ल्यूपोल्डने हे चाळीसच्या दशकात सुरू केलं आणि आज स्वस्त स्कोपांतही ते असतं. ल्यूपोल्ड, व्होर्टेक्स, बरिस यांच्या साध्या मालिकांतले दोनशे ते चारशे डॉलरचे स्कोप पहिल्या रायफलला पुरून उरतात. पन्नास-साठ डॉलरचा स्कोप .३०८ च्या झटक्यांनी आतून ढिला होतो, आणि तो ढिला झालाय हे कळतं चुकलेल्या गोळीनंतर.

रायफल जुनी असेल तर आधी ती बघा. विंचेस्टर ९४ च्या जुन्या बंदुकी रिकामं काडतूस वरच्या बाजूने फेकतात, त्यांच्यावर स्कोप मधोमध बसत नाही. मार्लिन ३३६ बाजूने फेकते, तिथे अडचण नाही.

दुकानात कसं बघाल

दिव्याखाली बघू नका. स्कोप दाराशी न्यायची परवानगी मागा, शक्यतो संध्याकाळी जा, आणि लांबच्या झाडाखालच्या सावलीत बघा. खोडाच्या सालीच्या भेगा दिसतात का? चित्र कडेपर्यंत स्वच्छ आहे की कडेला फाटतं? रस्त्यावरचा दिवा चौकटीच्या जरा बाहेर ठेवून बघितल्यावर सगळं चित्र पांढुरकं होतं का? दोन स्कोप शेजारी धरून, एकाच वर्धनावर, एकाच सावलीत बघा. सूर्याकडे मात्र कधीही करू नका. मग हातमोजे घालून वर्धनाची रिंग फिरवून बघा. डिसेंबरमध्ये हातमोजे असणारच.

बसवणं

चांगला स्कोप स्वस्त रिंगांवर बसवणं म्हणजे नव्या गाडीला झिजलेले टायर. बेस (रिंगांखालची, रायफलला जोडायची पट्टी) आणि रिंगांना पन्नास-शंभर डॉलर वेगळे ठेवा. रिंगा इतक्या कमी उंचीच्या घ्या की पुढचं भिंग बंदुकीच्या नळीला जेमतेम न टेकता बसेल.

रायफल रिकामी करा, बोल्ट काढून ठेवा. रिंगांचे स्क्रू ढिले ठेवून, शिकारीला घालणार ते जाड जाकीट अंगात चढवून रायफल खांद्याला लावा. जाकिटामुळे डोळा अर्धा-एक इंच मागे जातो, म्हणून टी-शर्टवर जुळवलेला स्कोप थंडीत चुकतो. वर्धन सर्वांत वर न्या. डोळे मिटून गाल दस्त्यावर ठेवा, मग डोळे उघडा. कडेला काळी सावली न दिसता पूर्ण चित्र मिळेपर्यंत स्कोप पुढेमागे सरकवा. फुलीची उभी रेषा खरंच उभी आहे का ते लांब टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीवर बघा. शेवटी टॉर्क-पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. रिंगांच्या स्क्रूंना बहुधा पंधरा ते अठरा इंच-पाउंड सांगतात. तुमच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम.

मागच्या भिंगाची कडा फिरवून फुली स्वच्छ करायची, तीही आत्ताच. कोऱ्या भिंतीकडे एक-दोन सेकंद बघा, नजर काढा, कडा थोडी फिरवा, पुन्हा बघा. टक लावून बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. चष्मा लावून शिकार करणार असाल तर हे चष्म्यातूनच करा.

रेंजवर

थेट शंभर यार्डांवर सुरुवात करू नका, कागदावर गोळीच दिसणार नाही. पंचवीस यार्डांपासून सुरू करा. शिकारीच्या बहुतेक स्कोपांत टरेटचा एक क्लिक शंभर यार्डांवर नेम पाव इंच सरकवतो, म्हणजे एका इंचाला चार क्लिक. पंचवीस यार्डांवर तोच क्लिक चौथा हिस्सा सरकवतो, म्हणून तिथे एका इंचाला सोळा. टरेटवर 'अप' लिहिलेल्या दिशेने फिरवलं की गोळी वर जाते. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून तीन गोळ्या झाडा आणि तिन्हींच्या मध्यापासून मोजा. एकाच गोळीवरून क्लिक फिरवू नका. पंचवीसला मध्यावर आली की शंभरला जा, आणि तिथे दोन इंच वर आणून थांबा. नळी पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा एक गोळी. जंगलात तुमची पहिली गोळी थंड नळीतूनच जाणार आहे.

शिकारीला जी काडतुसं नेणार त्यांनीच हे करा. दुसऱ्या वजनाची किंवा कंपनीची गोळी दुसरीकडे लागते.

स्कोपने शोधू नका

नव्या माणसाला हे मी सर्वांत आग्रहाने सांगतो. झाडीत काही हललं तर रायफल उचलून स्कोपमधून बघू नका. तुम्ही ज्याकडे बघता त्याच्याकडे नळीचं तोंड असतं, आणि ते हलणारं दुसरा शिकारी असू शकतो. पेन्सिल्व्हेनियात रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर असणं सक्तीचं आहे, पण झुडपाआड नारिंगी दिसेलच असं नाही. गळ्यात ८×४२ ची साधी दुर्बीण ठेवा. हरीण आहे, ते मारायची तुमच्याकडे परवानगी आहे आणि त्याच्या मागे माती आहे, हे सगळं दुर्बिणीतून ठरलं की मगच रायफल खांद्याला. बजेट कमी पडत असेल तर स्कोपमधून शंभर डॉलर कमी करून दुर्बीण घ्या.

संध्याकाळी गारठलेली रायफल उबदार केबिनमध्ये उघडी आणली तर भिंगांवर दव धरतं. रिकामी करून कुलूपबंद पेटीत थंडीतच राहू द्या, किंवा आणलीत तर भिंगं पुसण्याआधी आपोआप सुकू द्या. शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी ब्रशने धूळ उडवा, मग भिंगाचं कापड. रायफल हातातून पडली, विमानातून आली किंवा मचाणाच्या शिडीवर आपटली, तर तिचा नेम बिघडला असं धरून चाला आणि पुढच्या शिकारीआधी शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडून बघा.